हक्क, बलुतं, मानधन : गावच्या चाकराचा लांबलेला अर्ज

१

चाकरी करणाऱ्या माणसाचं मालकाशी मागणं दोनच गोष्टींचं असतं. मला काय म्हणता ते नीट म्हणा आणि मला काय देता ते नीट द्या. एक हुद्द्याची बाब, दुसरी पगाराची. गिरणीतल्या कामगारानं हे मागितलं तर त्याला चळवळ म्हणतात. कचेरीतल्या कारकुनानं मागितलं तर त्याला संघटना म्हणतात. गावच्या महारानं हेच मागितलं तेव्हा मात्र त्याला माज म्हटलं गेलं. म्हणून आपल्या बापजाद्यांचा हा अर्ज कामगार चळवळीच्या इतिहासात सापडत नाही. तो सापडतो जातीच्या भांडणांत, फौजदारी दप्तरात, नाहीतर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी.

हा अर्ज नगर जिल्ह्याच्या मातीशी बांधलेला आहे. अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला नाव दिलं 'बलुतं'. म्हणजे काय? म्हणजे पगार. एका माणसानं आपल्या साऱ्या जिण्याला आपल्या जातीच्या पगाराचं नाव दिलं. पांढरपेशा वाचकाला ते नाव गावरान आणि गोड वाटलं असेल. आपल्याला ते पगारपत्रकासारखं वाचता आलं पाहिजे.

२

आधी काम काय होतं ते पाहू. कारण पगाराची गोष्ट कामापासून सुरू होते.

महार गावचा येसकर. वेशीवर तो, चावडीवर तो, शिवेवरही तोच. गावात परका माणूस आला, पाटलाला सांग. मामलेदार आला, त्याचं घोडं धर, चारा आण, लाकडं फोड. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचव. वसुलाचा पैसा तालुक्याला नेताना बरोबर चाल. लोकांना चावडीवर बोलावून आण. दवंडी दे. शिवेचा तंटा झाला तर खरी शीव दाखव. कुणाच्या घरी मयत झाली तर सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावी जा, ऊन असो का पाऊस. जनावर मेलं तर ओढून टाक. हातात काठी, खांद्यावर घोंगडी. दिवस संपला म्हणून काम संपत नाही, कारण रात्रीची गस्तही त्याचीच.

या कामाला वेळ नव्हती. माणूस आजारी पडला तर भाऊ जायचा, भाऊ नसला तर म्हातारा बाप, तोही नसला तर घरातली बाई. एका माणसाच्या नावावर नोकरी आणि राबायचं साऱ्या घरानं.

आता पगार. त्याचे तीन तुकडे. पहिला, वतनाची जमीन, जिला आपल्याकडे हाडकी-हाडवळा म्हणतात. ती पूर्वीच्या राजवटींनी दिलेली. इंग्रजांनी तिच्यात वाढ केली नाही, पण घरं वाढत गेली. एका बापाची जमीन चार लेकांत, चारांची सोळांत. शेवटी वाट्याला काकरं उरली. दुसरा तुकडा बलुतं. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. पायलीभर घालायचं का ओंजळभर, हे खळ्याच्या धन्याच्या मर्जीवर. तिसरा तुकडा येसकर पाळीच्या भाकरी. ज्याची पाळी त्यानं सांजेला दारोदार फिरून टोपल्यात शिळंपाकं गोळा करायचं. सरकारातून रोख मिळायचं ते कुठं थोडंथोडकं, कुठं तेही नाही.

यातली मेख ओळखा. काम सरकारचं, पगार रयतेच्या हातात. सरकारला विचारलं तर सरकार म्हणे, तुम्ही गावचे चाकर. गावाला विचारलं तर गाव म्हणे, तुम्ही सरकारचे वतनदार. मालक कोण हेच ठरलेलं नाही, तर अर्ज कुणाला करायचा? आणि हे कुणी विसरून राहिलेलं नव्हतं. मालक दिसत नसला की पगारवाढ मागता येत नाही, हे त्या व्यवस्थेला पक्कं माहीत होतं.

३

आपल्यात बेदरच्या पातशहाची गोष्ट सांगतात. अमृतनाक नावाचा महार राजाच्या घरची बाई संकटातून सोडवून आणतो. निघण्याआधी तो राजाजवळ एक बंद डबी ठेवून गेलेला असतो. परत आल्यावर संशय निघतो, तेव्हा डबी उघडतात. आपल्या इमानाचा पुरावा म्हणून त्यानं स्वतःचं पुरुषपण कापून त्यात ठेवलेलं असतं. राजा खूश होतो, काय पाहिजे ते माग म्हणतो. अमृतनाक स्वतःसाठी काही मागत नाही, जातीसाठी मागतो. तेच बावन्न हक्क.

ही गोष्ट इतिहास म्हणून घ्यायची नाही. पण तिच्यातला हिशेब पाहण्यासारखा आहे. आपल्या लोककथेत मालकाकडे केलेली पहिली मागणी ही अशी आहे. देताना माणूस आपलं सगळं देतो, स्वतःचा वंशसुद्धा. आणि मागतो काय? मढ्यावरचं कापड, मेलेल्या ढोराचं कातडं, खळ्यातला वाटा. राजा म्हणाला माग, तर आपला माणूस पाटीलकी मागू शकला नाही. गोष्ट रचणाऱ्यालाही ते सुचलं नाही. पगार मागितला, हुद्दा तोच ठेवला. म्हणून ते हक्क पुढं बेड्या झाले. हक्क सोडला तर जमीन जाते, आणि हक्क धरला तर ढोर ओढावं लागतं. आपल्या कित्येक म्हाताऱ्यांना वतनाचा अभिमान होता. 'आमी वतनदार हाय' असं ते छाती काढून म्हणत. ज्या दोरीनं बांधलं तिला दागिना समजायला लावणं, ही या गावगाड्याची करामत.

४

हुद्दा बदलण्याची एक वाट इंग्रजी पलटणीतून गेली. तिथं महाराचा शिपाई झाला, हवालदार झाला, सुभेदार झाला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते हे आपण सारे जाणतो. गावात ज्याला 'आरं म्हारा' म्हणून हाक यायची, त्याला पलटणीत सलाम मिळू लागला. पगार ठरलेला, तारखेला मिळणारा, आणि पुढं पेन्शन. पण १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असं नवं शास्त्र निघालं होतं. हुद्दा आणि पगार एकाच फटक्यात गेले.

मग अर्ज सुरू झाले. कोकणातले गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर, यांनी १८९४ साली विनंतीपत्र लिहिलं. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत गावोगावच्या महारांच्या सभा घेतल्या आणि सरकारकडे अर्ज धाडले. १९१० सालचा अर्ज थेट विलायतेला, भारतमंत्र्यांकडे गेला. मागणं साधं होतं. लष्करात घ्या, पोलिसात घ्या, आम्हीही या राज्याची माणसं आहोत. त्या अर्जांची भाषा नम्र आहे. मायबाप सरकार, आपले आज्ञाधारक, अशी. आज वाचताना आपल्याला ती टोचते. पण लक्षात घ्या, ज्यांना चावडीची पायरी चढायची बंदी होती ती माणसं लंडनला पत्र लिहीत होती. नम्र भाषेतला तो मोठा उद्धटपणा होता. १९१७ साली, लढाईत माणसं कमी पडू लागली तेव्हा, महारांची एक पलटण उभी राहिली. गरज संपताच १९२१ साली ती मोडली. १९४१ मध्ये पुन्हा लढाई, पुन्हा गरज, मग महार रेजिमेंट. मालकाला निकड असते तेव्हाच अर्ज मंजूर होतो, हा धडा इथं शिकावा.

एका मालकानं मात्र दुसऱ्या वाटेनं काम केलं. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानातली महार वतनं खालसा करून जमिनी रयताव्यानं महारांच्या नावे केल्या आणि वेठीला बंदी घातली. जमीन राहिली, चाकरी सुटली. म्हणजे हे होऊ शकत होतं. हेच काम इंग्रजी मुलखाला जमत नव्हतं ते कायद्याच्या अडचणीमुळं नव्हे. फुकटचा नोकर सोडायची त्याची तयारी नव्हती.

५

बाबासाहेबांनी हा प्रश्न हाती घेतला तो अर्जाच्या पद्धतीनं नाही, कायद्याच्या पद्धतीनं. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघालं, त्यात त्यांनी महार वतनावर लिहिलं. आपल्याच लोकांना समजावणं हे पहिलं काम होतं, कारण वतन जाईल या भीतीनं आपलेच लोक बिचकत होते. मग १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं बिल मांडलं.

त्या बिलात काय होतं ते आपल्या पोरांना सांगितलं पाहिजे, कारण पगारवाढ कशी मागावी याचा तो धडा आहे. एक, ज्याला चाकरी नको त्याला ती सोडता यावी आणि पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी. दोन, बलुत्याचं रोख पट्टीत रूपांतर व्हावं आणि ती पट्टी साऱ्याबरोबर सरकारनं वसूल करून महाराला द्यावी. म्हणजे पगारासाठी खळ्यावर उभं राहणं बंद. तीन, कामं कोणती ती लिहून ठरवा. न लिहिलेलं काम करणार नाही.

बघा, यात 'थोडं वाढवून द्या' असं कुठं नाही. मालक कोण ते ठरवा, काम किती ते ठरवा, पगार कुणाच्या हातून येतो ते बदला. बाबासाहेबांनी बरोबर ओळखलं होतं की बलुतं कमी आहे हे खरं दुखणं नाही. बलुतं ज्याच्या हातात आहे तो आपली मान धरून आहे, हे दुखणं आहे. महारानं नवं धोतर नेसलं, पोरगं शाळेत घातलं, ढोर ओढायला नाही म्हटलं, की गाव बलुतं बंद करी. कामाचा मोबदला म्हणून जे मिळायचं तेच गप्प बसण्याची किंमत होऊन बसलं होतं.

३ ऑगस्ट १९२८ च्या भाषणात त्यांनी हे सगळं कौन्सिलापुढं मांडलं आणि शेवटी सुनावलं की बिल मंजूर झालं नाही तर महारांचा सार्वत्रिक संप घडवून आणण्यात मी माझा वेळ घालवीन. वतनदार आणि संप! कौन्सिलातल्या जमीनदारांनी हे दोन शब्द शेजारी शेजारी कधी ऐकले नसतील. ज्याला सगळे जात समजत होते त्याला त्यांनी कामगार म्हटलं. हुद्दा बदलण्याची सुरुवात तिथं झाली. पण बिल सिलेक्ट कमिटीत गेलं, त्याची मोडतोड झाली, आणि १९२९ मध्ये ते बाबासाहेबांना मागं घ्यावं लागलं.

६

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम नगर जिल्ह्यातून निवडून गेले. पक्षाचं नाव पुन्हा वाचा. मजूर पक्ष. महार, मांग, कुणबी, गिरणीवाला, सगळ्यांना एका हुद्द्याखाली उभं करण्याचा तो प्रयत्न होता.

आणि १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावला परिषद भरली. आजच्या श्रीरामपूर तालुक्यातलं हे गाव. महार, मांग, वेठिया वतनदारांची परिषद, अध्यक्ष बाबासाहेब. कारण होतं जुडी. वतनी जमिनीवर पूर्ण सारा नसतो, त्याचा थोडा भाग भरायचा असतो, ती जुडी. सरकारनं ती वाढवली. म्हणजे बघा, पगारवाढ मागत होतो आणि मिळाली पगारकपात. काम तेवढंच, वेळ तेवढीच, बलुतं गावाच्या मर्जीवर, आणि जी जमीन पगार म्हणून दिली तिच्यावरच जास्तीचा कर. नोकराच्या पगारातून मालकानं भाडं कापावं तसं.

हरेगाव हे ठिकाणही बोलकं आहे. तिथं बेलापूर कंपनीचा साखर कारखाना. एका बाजूला चिमणी, भोंगा, पाळी. तिथल्या मजुराचं शोषण होत होतं, पण त्याला निदान आपला मालक कोण ते ठाऊक होतं आणि भोंगा झाला की काम संपत होतं. दुसऱ्या बाजूला त्याच्याच जातीचा, कदाचित त्याचाच भाऊ, गावात येसकरकी करणारा. त्याला भोंगा नाही, हजेरीपट नाही, मालक नाही. एकाच शिवारात दोन शतकं शेजारी शेजारी नांदत होती. मुंबईला, कारखान्याला, रेल्वेला आपली माणसं का पळाली याचं उत्तर तिथं आहे. पोटासाठी पळाली हे खरंच. पण ठरलेल्या वेळेसाठीही पळाली, आणि नावानं हाक मारली जावी म्हणूनही पळाली.

१९४१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यात सिन्नरला पुन्हा परिषद झाली, त्या वाढीव आकाराविरुद्ध. बाबासाहेबांनी गव्हर्नरला पत्र लिहिलं. नगर, नाशिक हा पट्टा या लढ्यात तापलेला होता. पुढं १९५६ ची धम्मदीक्षा आली आणि गावोगाव लोकांनी काठी खाली ठेवली, ढोरं ओढायची सोडली. 'जोहार मायबाप' गेलं, 'जय भीम' आलं. कायद्याची वाट न बघता चाकरानं स्वतःच आपला हुद्दा बदलून टाकला. त्याची किंमतही मोजली. बलुतं बंद, किराणा बंद, वाट बंद.

७

कायदा आला १९५८ चा, लागू झाला १९५९ मध्ये. त्याचं नाव मुंबई कनिष्ठ गाव वतनं नाहीशी करण्याचा कायदा. वतन गेलं, पण जाता जाता 'कनिष्ठ' हा शब्द कागदावर कोरून गेलं. मुक्तीच्या कागदावरसुद्धा हुद्दा तोच.

जमीन सरकारजमा झाली आणि साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरली तर मूळ वतनदाराला परत मिळायची होती, तीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणारी. तिप्पट सारा ही रक्कम आज किरकोळ वाटेल. पण ज्याच्या घरात रोख पैसाच कधी आला नाही, ज्याला नोटीस वाचता येत नाही, त्याला मुदत कळणार कशी? मुदत चुकली की तो आपल्याच हाडकीवर अनधिकृत ठरायचा. किती जमिनी सावकाराच्या, किती गावच्या पुढाऱ्याच्या वहितीत गेल्या ते गावोगावच्या सातबाऱ्यावर लिहिलेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोकरीचा फंड म्हणून जे काय मिळायचं होतं, ते असं गेलं.

चाकरीचं काय झालं? तिच्या जागी पगारी कोतवाल आला. नाव मोठं रुबाबदार. कोतवाल म्हणजे शहराचा रखवालदार, किल्लेदाराच्या तोलामोलाचा माणूस. इथं मात्र तलाठ्याच्या मागं दप्तर धरून चालणारा, नोटिसा वाटणारा, दवंडी देणारा. आज ती जागा एका जातीची नाही, सगळ्या जातींची पोरं कोतवाल होतात. पण कामाची यादी वाचा. येसकराची काठी तेवढी कमी झाली आहे.

आणि पगाराला पगार म्हणायचं नाही, मानधन म्हणायचं. वेतनश्रेणी नाही. वर्षानुवर्षं कोतवालांची संघटना मागत राहिली, आम्हाला चतुर्थश्रेणीचा दर्जा द्या. मोर्चे झाले, उपोषणं झाली. २०२३ मध्ये मानधन साडेसात हजारांवरून पंधरा हजार झालं. २०२४ मध्ये त्यावर दहा टक्के वाढ झाली. २०२५ मध्ये नाव बदललं, कोतवाल गेला, 'महसूल सेवक' आला. मागितला होता दर्जा, मिळालं नाव.

नाव बदललं हे वाईट नाही. पण शेजारची पाटी वाचा. वतनी गावगाड्यात लेखणी कुळकर्ण्याची होती आणि काठी महाराची. कुळकर्ण्याच्या जागी तलाठी आला. तलाठ्याचंही नाव २०२४ मध्ये बदललं, ते झालं 'ग्राम महसूल अधिकारी'. एकाच खात्यात, एकाच चावडीत, लेखणीच्या वारसाला 'अधिकारी' आणि काठीच्या वारसाला 'सेवक'. माणसं बदलली, जाती मिसळल्या, जिल्ह्याचं नावसुद्धा अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. दोन शब्दांमधलं अंतर मात्र तेवढंच राहिलं.

८

मित्रहो, या सगळ्या इतिहासातून तीन गोष्टी बांधून घ्या.

पहिली, पगार मागताना पगार कुणाच्या हातून येतो ते आधी विचारा. मर्जीतून येणारे हजार आणि कायद्यातून येणारे पाचशे, यात पाचशे मोठे. बलुत्यानं आपल्याला हे शिकवलं.

दुसरी, काम लिहून घ्या. ज्याचं काम लिहिलेलं नाही त्याला सगळंच काम लागतं. येसकराला बावन्न हक्क होते, पण कामांची मोजदाद कुणी ठेवली नव्हती.

तिसरी, नुसत्या नावावर समाधान मानू नका आणि नुसत्या पैशावरही मानू नका. अमृतनाकानं पैसा-पाण्याचे हक्क मागितले, हुद्दा मागितला नाही, त्यात पिढ्या अडकल्या. आता हुद्द्याचं नाव मिळालं आणि वेतनश्रेणी राहिली, तर तेही अडकणंच. बाबासाहेबांच्या १९२८ च्या बिलात हे दोन्ही एका कागदावर होते, मान आणि मोबदला. तो कागद कौन्सिलातून परत आला, पण फाटलेला नाही. पुढच्या अर्जाचा मसुदा करायला बसाल तेव्हा तो समोर ठेवा. आणि अर्जाच्या शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहू नका. आपलं पूर्ण नाव लिहा.